पुढाऱ्यानं दिलेल्या शब्दाचा पैसा कुठं अडकला ते कसं शोधायचं

सांगलीत विश्रामबागेतल्या कट्ट्यावर बसा नाहीतर आटपाडीच्या बाजारात, विषय फिरून तिथंच येतो. लाडकी बहीणच्या 2100 चं काय झालं, कर्जमाफी कुठं गेली, आमच्या पाणंदीला, म्हणजे शेताकडं जायच्या रस्त्याला, मुरूम टाकायला पैसा नाही आणि शक्तिपीठ महामार्गाला मात्र कुठनं येतोय. राग खराच आहे. पण नुसता राग घेऊन ऑफिसात गेलं की साहेब बसा म्हणतात, चहा सांगतात आणि "वरनं निधी आला नाही" म्हणून वाटेला लावतात, आणि आपण पण येतो माघारी. त्या "वरनं निधी आला नाही" ला पुढचा प्रश्न काय विचारायचा एवढ्यासाठी हे लिहितोय. लई अवघड नाही, दहावी झालेल्या पोराला मोबाईलवर जमतंय.

आधी शब्द नेमका काय दिला होता तो लेखी शोधा. स्टेजवरचं भाषण वेगळं, जाहीरनामा वेगळा आणि विधानसभेत उभं राहून मंत्री बोललेला वेगळा, तिन्हीची किंमत सारखी नाही. उदाहरण घ्या, 5 नोव्हेंबर 2024 ला आपल्या शेजारी कोल्हापुरातच महायुतीनं दहा वचनं जाहीर केली. लाडक्या बहिणीला 1500 चे 2100, शेतकऱ्याला कर्जमाफी, वृद्ध पेन्शन 2100, 45 हजार गावांत पाणंद रस्ते, असं सगळं त्यात आहे. दुसऱ्या दिवशी मुंबईत महाविकास आघाडीनं बायकांना महिन्याला 3000 ची महालक्ष्मी योजना, 3 लाखापर्यंत कर्जमाफी आणि नियमित फेडणाऱ्याला 50 हजार असं वाढवून सांगितलं. म्हणजे बोलीत कुणी कमी नव्हतं, तेव्हा व्हॉट्सॲपवर एकमेकाला भक्त आणि चमचे म्हणत बसू नका, दोन्ही जाहीरनामे डाऊनलोड करून ठेवा, पुढं पाच वर्षं कामाला येतात.

आता हे माहीत असू द्या की जाहीरनामा पाळला नाही म्हणून कोर्टात जाऊन फार काही हाताला लागत नाही. 2013 ला सुप्रीम कोर्टानं तामिळनाडूच्या केसमध्ये जाहीरनाम्यातली आश्वासनं ही कायद्यानं भ्रष्ट आचरण धरता येत नाहीत असं सांगितलं, फक्त निवडणूक आयोगाला नियम करायला लावले. मग आचारसंहितेत आलं की वचन देताना पैसा कुठनं आणणार ते ढोबळमानानं तरी सांगा. ते किती पाळलं जातं ते तुम्हीच बघताय. पण मंत्री सभागृहात "करतो" म्हणला की त्याची नोंद होते आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. म्हणून आमदाराला भेटलात तर "साहेब आमच्यासाठी बोला" एवढंच म्हणू नका, "तारांकित प्रश्न टाका, नाहीतर लक्षवेधी लावा" असं म्हणा, दोन्हीला मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं, साहेब लगेच नीट बघायला लागतात.

दुसरा टप्पा जीआर, म्हणजे शासन निर्णय. घोषणा झाली, पेपरला आलं, बॅनर लागले, पण जीआर निघाला नसेल तर शासनाच्या लेखी काहीच झालेलं नाही. शासन निर्णयांची महाराष्ट्र शासनाची वेबसाइट आहे, तिथं विभाग निवडायचा, तारीख टाकायची, एखादा शब्द टाकून शोधायचं. जीआर मराठीत असतो पण मराठी माणसाला कळणार नाही असा, त्यामुळं पहिली दोन पानं "प्रस्तावना" सोडून द्या आणि शेवटाकडनं वाचा. तिथं एक ओळ असते, "सदर खर्च मागणी क्रमांक अमुक, लेखाशीर्ष तमुक मधून भागवण्यात यावा". तेवढी ओळ वहीत लिहून घ्या. ती ओळ नसली किंवा "निधीच्या उपलब्धतेनुसार" असं लिहिलेलं असलं तर पैशाची सोय पक्की नाही हे समजून जा.

मागणी क्रमांक म्हणजे खात्याचं कपाट आणि लेखाशीर्ष म्हणजे त्या कपाटातला कप्पा. गावाकडचे कार्यकर्ते हे आकडे पाठ म्हणतात, "पंचवीस-पंधरा मधनं दहा लाख आणले", "तीस-चोपन्नला रस्ता टाकलाय". 2515 म्हणजे ग्रामविकासचा मूलभूत सुविधांचा निधी, आमदारानं सुचवलेली सभामंडपं, गटार, पेव्हर ब्लॉक यात येतात. 3054 आणि 5054 रस्त्याचे, पहिला दुरुस्तीकडचा आणि दुसरा नवीन बांधकामाकडचा असं ढोबळ धरा. आमदार निधी याहून वेगळा, तो वर्षाला 5 कोटी, आणि जिल्हा नियोजनचा आणखी वेगळा, त्याची समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. एकाच रस्त्याचं तीन वेगळ्या निधीतनं भूमिपूजन झालेलं तुमच्या पण गावात असेल, तर कप्पा विचारल्याशिवाय नारळाला टाळ्या वाजवू नका.

तिसरा टप्पा बजेटचं पुस्तक, आणि इथंच खरी गंमत आहे म्हणून जरा थांबूया. वित्त विभागाच्या वेबसाइटवर सगळी पुस्तकं फुकट आहेत. घाबरू नका, सगळी वाचायची नसतात. आपला मागणी क्रमांक आणि लेखाशीर्ष असलेलं पान काढायचं आणि आधी वर कोपऱ्यात बघायचं की आकडे हजारात आहेत, लाखात आहेत का कोटीत, नाहीतर हजाराचं कोटी समजून भांडून बसाल. मग चार रकाने दिसतात. 2025-26 चं पुस्तक असेल तर पहिल्यात 2023-24 ला खरंच झालेला खर्च, दुसऱ्यात 2024-25 ला धरलेली रक्कम, तिसऱ्यात त्याच वर्षाची सुधारित रक्कम आणि चौथ्यात 2025-26 साठी धरलेली. भाषणात फक्त चौथा रकाना सांगतात. तुम्ही दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवून बघा. दुसऱ्यात शंभर आणि तिसऱ्यात साठ असेल तर चाळीस वर्षाच्या मधेच काढून घेतले, आणि ते कापताना कुणी पत्रकार परिषद घेतली नव्हती. कधी कधी रकान्यात नुसते 1 हजार रुपये दिसतात, ती टोकन तरतूद, म्हणजे कप्पा उघडा ठेवलाय पण आत काही नाही.

एक हिशोब करून बघा. 10 मार्च 2025 ला अजित पवारांनी जे बजेट मांडलं त्यात लाडकी बहीणला 36 हजार कोटी होते. बाराने भागा, महिन्याला 3 हजार कोटी. त्याला 1500 ने भागा, 2 कोटी बायका. त्यावेळी हप्ता घेणाऱ्या सव्वादोन कोटीच्या वर होत्या. म्हणजे त्या दिवशीच पुस्तकात दिसत होतं की 2100 या वर्षी नाहीत, उलट 1500 सुद्धा सगळ्यांना पुरत नाहीत आणि यादीला कात्री लागणार. नंतर ते झालंच, 26 लाखावर नावं संशयावरनं बाजूला काढली, ई-केवायसी लावली, आमच्याकडं बायका सेतूत आणि सायबर कॅफेत ओटीपीची वाट बघत दिवस दिवस बसल्या. 2100 द्यायचेच तर तेवढ्याच 2 कोटी बायकांना वर्षाला 50 हजार 400 कोटी लागतात. त्याच बजेटात महसुली तूट 45 हजार 891 कोटी आणि कर्ज 9 लाख 32 हजार कोटीवर जाणार असं लिहिलेलं होतं. हे बायकांच्या विरोधात नाही हां, घरातल्या बाईच्या हातात रोख 1500 आले तर काय फरक पडतो ते आम्ही बघितलंय. पण ज्यानं 2100 सांगितले त्याला हा भागाकार तेव्हा पण येत होता.

आणि एक, बजेट मार्चला संपत नाही. जुलै आणि डिसेंबरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मधेच मागितलेला जादा पैसा, येतात, तिकडं कुणाचं लक्ष नसतं. 2024 च्या पावसाळी अधिवेशनात 94 हजार 889 कोटीच्या पुरवण्या आल्या, त्यातले 25 हजार कोटी लाडकी बहीणचे. एका कप्प्यातनं दुसऱ्यात पैसे कसे जातात ते पण इथंच आणि जीआरमध्ये सापडतं, मे 2025 ला सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी लाडकी बहीणकडं वळवले तेव्हा त्या खात्याचे मंत्रीच तक्रार करत होते.

चौथा टप्पा बीम्स. ही सरकारची निधी वाटपाची ऑनलाइन सिस्टीम, लॉगिन नसलं तरी त्यातले बरेच रिपोर्ट बघता येतात. विभाग आणि योजना निवडली की तरतूद किती, त्यातले वितरित किती आणि खर्च किती असे आकडे येतात. साइट कधी कधी चालत नाही, सकाळी लवकर बघा. "वरनं निधी आला नाही" हे खरं का खोटं ते इथं कळतं. तरतूद आहे पण वितरित नाही, तर मुंबईत अडकलाय. वितरित झालाय पण खर्च नाही, तर आपल्याच जिल्ह्यात कुणाच्या तरी टेबलवर आहे. दोन्हीचा स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसू द्या. आणि मार्च एंडच्या आधी बघा, एप्रिलमध्ये बोंब मारून उपयोग नाही. जिल्हा परिषदेला जिल्हा नियोजनचा पैसा खर्चायला पुढचं वर्ष पण मिळतं, त्यामुळं "लॅप्स झाला" म्हणून सांगितलं तर कुठला निधी ते आधी विचारा.

आता प्रत्यक्ष काम. पाणंद धरूया, कारण उसाच्या सीझनला ती किती नडते ते सांगायला नको. डबल ट्रॉली फडातनं बाहेर निघत नाही, मग तोडकरी खुशाली, म्हणजे वरचे पैसे, वाढवून मागतात, दुसरा ट्रॅक्टर लावून ओढायची पाळी येते आणि तोवर कारखान्याची तारीख जाते. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना 2021 ला आली, रोजगार हमीची जोड देऊन. तिचं किंवा कुठलंही काम "मंजूर" आहे म्हणाले तर विचारा, कुठली मंजुरी? तत्त्वतः मान्यता म्हणजे नुसता होकार. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, टेंडर असेल तर टेंडर, कार्यारंभ आदेश म्हणजे वर्क ऑर्डर, आणि काम झाल्यावर एमबी, मोजमाप पुस्तक. नारळ बहुतेक पहिल्या दोनच्या मधेच कुठंतरी फुटतो. वर्क ऑर्डरचा नंबर आणि तारीख मिळाली तर काम खरं. बिल थकलं की ठेकेदार जेसीबी घेऊन जातो, 2025 मध्ये ठेकेदारांच्या संघटना राज्यात 89 हजार कोटी थकल्याचं सांगत होत्या, त्यामुळं अर्धवट खडीवर दर वेळी ठेकेदारालाच शिव्या घालू नका.

मोठ्या प्रकल्पाला पण हेच प्रश्न लावता येतात. शक्तिपीठ महामार्ग 2025 च्या आखणीत 802 किलोमीटर, 86 हजार कोटीच्या आसपास होता, जून 2025 ला मंत्रिमंडळानं भूसंपादनाला वगैरे 20 हजार कोटीच्या वर मान्यता दिली, त्यातले 12 हजार कोटी हुडकोचं कर्ज. रत्नागिरी-नागपूर रस्ता मिरजेवरनं जातोच आहे, मग मिरज, तासगाव, कवठेमहांकाळची बागायत दुसऱ्याला कशाला, हा त्या आखणीवर इथल्या शेतकऱ्याचा सवाल होता आणि मला तो पटतो. वित्त विभागानं त्या प्रस्तावावर कर्जाच्या बोजाबद्दल काय शेरा मारला ते पेपरात आलं होतं. मंत्रिमंडळाचे कागद निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर माहिती अधिकारात मागता येतात, कायद्यात तसं लिहिलेलंच आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज लिहिताना भाषण करू नका. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दात आणि एकाच विषयाचा लागतो, फी 10 रुपये, ऑनलाइन भरा नाहीतर जोडपत्र अ वर कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा. "का केलं नाही" विचारलं की उत्तर टाळायला जागा मिळते, कागदच मागा. असं लिहा:

"मौजे अमुक, ता. तासगाव येथील अमुक ते अमुक पाणंद रस्ता. 1) प्रशासकीय व तांत्रिक मान्यता आदेशाची प्रत. 2) लेखाशीर्ष, मंजूर, वितरित व खर्च झालेली रक्कम दर्शवणारी कागदपत्रे. 3) कार्यारंभ आदेशाची प्रत. 4) मोजमाप पुस्तकाच्या संबंधित पानांच्या प्रती. 5) काम सुरू नसल्यास त्याबाबतच्या टिपणीची व पत्रव्यवहाराची प्रत."

एवढं बास. चुकीच्या ऑफिसला गेला तर त्यांनीच 5 दिवसात योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, "आमच्याकडं येत नाही" म्हणून परत देता येत नाही. झेरॉक्सला पानाला 2 रुपये. ते पण नको असेल तर 2018 च्या जीआरप्रमाणं जिल्हा पातळीवरच्या आणि खालच्या ऑफिसात दर सोमवारी दुपारी 3 ते 5 फाईल बघता येते. दोघं जावा, एकानं बघायचं एकानं लिहायचं.

कागद आले की ग्रामसभेत ठेवा, ठराव करून घ्या, ठरावाची नक्कल मागा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसला लोकशाही दिन असतो, त्याला अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो, ऐनवेळी जाऊन घेत नाहीत. माहिती अधिकाराच्या अर्जाला 30 दिवसात माहिती आली नाही तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील, त्याच ऑफिसातल्या वरच्या साहेबाकडं. तिथंही नाही झालं तर 90 दिवसात राज्य माहिती आयोगाचं पुणे खंडपीठ, तिथं मात्र नंबर यायला लई वेळ लागतो त्यामुळं पहिल्या अपिलाच्या सुनावणीलाच जोर लावा, स्वतः हजर राहा. आणि अर्ज, अपील काहीही देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आतला माणूस ओळखीचा असला आणि "ठेवून जावा की, मी बघतो" म्हणला तरी.