निनावी चॅनेलवर आपले पुस्तक फिरू लागले तर : कॉपीराइट बजावण्याची वाट

सोलापुरात स्पर्धा परीक्षांची पुस्तके लिहून, छापून ती स्वतःच विकणारे जे मोजके लोक आहेत, त्यांतला मी एक. व्यवसायबंधूंकडून मला विचारला जाणारा प्रश्न बहुधा एकाच स्वरूपात येतो : "सर, पुस्तक टेलिग्रामवर पडलंय, पण टाकणाऱ्याचं नावच नाही. आता कोणावर केस करायची?" टाकणाऱ्याचे नाव ठाऊक नसले तरी हक्क अबाधित असतो आणि तो बजावताही येतो. मात्र आधी पुरावा जतन करायचा, मग मजकूर खाली उतरवायचा आणि त्यानंतर माणूस शोधायचा, हा क्रम उलटा झाला तर कायदा आपल्या बाजूने असूनही हाती काही लागत नाही.

हक्क खरोखर आपला आहे का

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखनाबरोबरच निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. तरीही कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतील नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो, आणि साहित्यकृतीचे नोंदणी शुल्क ५०० रुपये आहे, तेव्हा चार आवृत्त्या निघतील अशा पुस्तकाची नोंदणी करून ठेवावी हे बरे. नोंदणी नसेल तर पुस्तकावर लेखक म्हणून छापलेले नाव उपयोगी पडते, कारण उलट सिद्ध होईपर्यंत तोच लेखक असे न्यायालय गृहीत धरते.

हक्क मांडणीवर असतो, माहितीवर नसतो. सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत, ही कोणाच्याही मालकीची गोष्ट नव्हे. ते लक्षात राहावेत म्हणून आपण रचलेले वाक्य, काढलेला नकाशा, निवडून विशिष्ट क्रमाने लावलेले प्रश्न मात्र आपले. क्लासमध्ये पगारावर असताना लिहिलेल्या नोट्स, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे क्लासच्या मालकाच्या ठरतात, आणि नोकरी सोडून स्वतःचा क्लास काढलेल्या शिक्षकांची फजिती नेमकी इथे होते. प्रकाशकाने लेखकाकडून हक्क घेतला असेल तर तो लेखी आणि सहीनिशी घेतलेला हवा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांचीच धरली जाते.

जाता जाता आमच्या गावाचा विषय निघतोच म्हणून सांगतो : चादरीच्या नक्षीला हा मार्ग सरसकट लागू पडत नाही. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी नक्षी न नोंदवता यंत्रावर ५० पेक्षा अधिक वेळा उतरवली, की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे खरे, पण ते नावाचे रक्षण करते, एखाद्या कारखानदाराच्या नक्षीचे नव्हे.

समोरच्याला कलम ५२ चा आधार मिळू शकतो का, हेही प्रामाणिकपणे पाहावे. खासगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त आणि वर्गातील अध्यापन यांसाठी कायद्याने सवलत दिली आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठातील फोटोकॉपी प्रकरणात अध्यापनाच्या सवलतीचा अर्थ बराच व्यापक लावला. एका विद्यार्थ्याने दहा पानांचे फोटो मित्राला पाठवले म्हणून तक्रार करणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही; संपूर्ण पुस्तक हजारो सदस्यांच्या चॅनेलवर खुले करणे ही गोष्ट वेगळी. ते फुकट वाटले म्हणून उल्लंघन नाहीसे होत नाही. फार तर शिक्षा कमी होऊ शकते.

रिपोर्टचे बटण दाबण्याआधी

चॅनेल सापडल्याबरोबर हात रिपोर्टच्या बटणाकडे जातो, तो आवरावा. त्याहून वाईट म्हणजे चॅनेलवर जाऊन दमबाजी करणे; त्यानंतर तासाभरात चॅनेल नाव बदलते किंवा नाहीसे होते. प्रथम पोस्टचा नेमका पत्ता, चॅनेलचे नाव व युजरनेम, सदस्यसंख्या, पोस्टची तारीख, वेळ आणि ती किती जणांनी पाहिली तो आकडा, हे सर्व दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. शक्य असल्यास फोनवरील घड्याळापासून सुरुवात करून फाईल उघडेपर्यंत सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करावे. टेलिग्रामवर चॅनेलचे नाव कितीही वेळा बदलता येते, पण त्यामागचा आकडी ओळखक्रमांक तोच राहतो. तो टिपून ठेवावा.

फाईल डाउनलोड करून मूळ प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवावी आणि तिची हॅश किंमत, म्हणजे फाईलमधला एखादा ठिपका बदलला तरी बदलणारा तिचा संगणकीय ठसा, काढून लिहून ठेवावी, म्हणजे पुढे कोणी फाईलमध्ये फेरफार झाल्याचा आक्षेप घेतला तर उत्तर देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात हॅशचा उल्लेख अपेक्षित आहे आणि त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. हे प्रमाणपत्र दावा लावण्याच्या वेळी घाईने तयार करण्यापेक्षा पुरावा गोळा केला त्याच आठवड्यात तयार करून ठेवावे.

त्यानंतर फाईल शांतपणे, पान न् पान पाहावी. माझ्या भूगोलाच्या पुस्तिकेची जी पीडीएफ मला मिळाली, तिच्या चौदाव्या पानाच्या कोपऱ्यात पान दाबून धरणाऱ्याचा अंगठा आला होता, एकतिसाव्या पानावर पेन्सिलीची खूण होती आणि मलपृष्ठावर एका अभ्यासिकेच्या शिक्क्याचा अर्धा भाग पुसट दिसत होता. त्या शिक्क्यावरून अभ्यासिका कळली. पण तिथे रोज येणाऱ्या मुलांपैकी प्रत कोणी नेली, हे समजायला मार्ग नव्हता, कारण वही ठेवण्याची पद्धतच नव्हती. पुढच्या आवृत्तीपासून मी प्रत्येक विक्रेत्याकडे जाणाऱ्या गठ्ठ्यात एकाच तक्त्यातील दोन ओळींची अदलाबदल वेगवेगळ्या ठिकाणी करू लागलो, म्हणजे फुटलेली प्रत कोणत्या गठ्ठ्यातली ते कळावे, आणि ई-पुस्तकाच्या प्रत्येक पानावर ग्राहकाचा क्रमांक फिकट अक्षरांत छापू लागलो. पुस्तकाचे, लेखकाचे किंवा हक्कधारकाचे नाव अशी हक्काविषयीची माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे, ज्याला २ वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे; ग्राहकाची ओळख पटवणारा क्रमांक मात्र त्या माहितीत मोडत नाही.

चॅनेलवाला पैसे घेत असेल तर त्याचा निनावीपणा फार टिकत नाही. यूपीआयचा कोड स्कॅन केल्यावर पैसे भरण्याआधीच बँकेतील नाव पडद्यावर येते. ते नाव जाहीरपणे कोठेही टाकू नये, कारण खाते दुसऱ्याचेही असू शकते; ते फक्त वकिलाला आणि पोलिसांना द्यावे.

मजकूर खाली उतरवणे

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थ कंपन्यांना, म्हणजे टेलिग्रामसारख्या दुसऱ्यांचा मजकूर ठेवणाऱ्या वा पोहोचवणाऱ्या कंपन्यांना, त्या मजकुराच्या जबाबदारीपासून संरक्षण देते, पण ते बिनशर्त नाही. त्याच कायद्याखालील २०२१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक मध्यस्थाने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क आपल्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये प्रसिद्ध करावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. मायस्पेस या संकेतस्थळाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये जे सांगितले त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की कंपनीला नेमक्या मजकुराची नेमकी माहिती द्यायला हवी. "तुमच्या ॲपवर माझी पुस्तके फिरत आहेत" असे मोघम पत्र निरुपयोगी ठरते. प्रत्येक पोस्टचा पत्ता स्वतंत्र ओळीत लिहावा.

कॉपीराइट नियम, २०१३ मधील नियम ७५ नुसार तक्रारीत कृतीचे वर्णन, आपल्या मालकीचा आधार, उल्लंघन कसे होते त्याचा तपशील, मजकुराचे ठिकाण, माहीत असल्यास टाकणाऱ्याची माहिती, आणि २१ दिवसांत दावा दाखल करून न्यायालयाचा हुकूम सादर करण्याची हमी असावी लागते. तक्रार मिळाल्यावर मध्यस्थाने ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो, आणि २१ दिवसांत हुकूम आला नाही तर त्याला तो पुन्हा खुला करता येतो. ही हमी सहज लिहून देण्यासारखी नाही. म्हणून लहान प्रकरणात मी तरी आधी कंपनीचा स्वतःचा कॉपीराइट फॉर्म भरतो. अमेरिकी कंपन्यांचे हे फॉर्म त्यांच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइटविषयक कायद्यावर बेतलेले असतात, आणि त्यांत तशी २१ दिवसांची हमी मागत नाहीत. फॉर्ममधील आपले नाव व पत्ता समोरच्यापर्यंत पोहोचू शकतो, तेव्हा घराचा नव्हे, दुकानाचा पत्ता द्यावा. गूगलच्या शोधातून दुवा काढून घेतला म्हणजे फाईल पुसली गेली असे नव्हे. ती जिथे ठेवली आहे तिथे वेगळी तक्रार करावी लागते.

खोटी किंवा उतावीळ धमकी अंगाशी येऊ शकते. आधार नसताना कारवाईची धमकी दिल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली समोरचा माणूसच आपल्याविरुद्ध न्यायालयात जाऊ शकतो.

माणूस शोधणे

इथून पुढचे काम न्यायालयाचे किंवा पोलिसांचे. कंपनी खासगी पत्रावरून खातेदाराचे नाव देत नाही, आणि देऊही नये. स्पर्धा परीक्षांच्याच क्षेत्रातील नीतू सिंह यांनी टेलिग्रामविरुद्ध लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी ३० ऑगस्ट २०२२ रोजी चॅनेल चालवणाऱ्यांचे मोबाईल क्रमांक, आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) व ईमेल बंद पाकिटात सादर करण्याचा आदेश दिला. आमचे सर्व्हर सिंगापुरात आहेत आणि तिथला गोपनीयतेचा कायदा आड येतो, ही टेलिग्रामची हरकत न्यायालयाने फेटाळली, आणि पुढे कंपनीने ती माहिती सादर केली. प्रतिवादी अज्ञात असेल तर त्याला 'अशोक कुमार' असे काल्पनिक नाव देऊन दावा दाखल करण्याची वहिवाट २००२ च्या ताज टेलिव्हिजन प्रकरणापासून आपल्याकडे रुळली आहे.

मिळालेला आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे. मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागे एकाच वेळी अनेक ग्राहक बसवतात, त्यामुळे नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक (त्या ग्राहकांना वेगळे ओळखू देणारा आकडा) नसेल तर तो पत्ता वापरणाऱ्या सगळ्यांची यादीच हाती येते. खरा पत्ता लपवणारे व्हीपीएन वापरलेले असेल तर वाट आणखी लांबते. शिवाय वेळेची मर्यादा आहे : सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात, आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे खाते बंद झाल्यानंतर त्याच्या नोंदणीची माहितीही १८० दिवसच. म्हणून पहिल्या तक्रारीतच "सदर खात्याची माहिती व नोंदी जतन कराव्यात" असे एक वाक्य घालावे.

पोलिसांकडे जायचे असेल तर सोलापूर शहराच्या हद्दीत सायबर पोलीस ठाणे आहे. "हा दिवाणी विषय आहे, कोर्टात जा" असे उत्तर मिळाल्यास निट प्रो प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा २० मे २०२२ चा निकाल सोबत ठेवावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो थेट नोंदवता येतो, असे त्यात स्पष्ट होते. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी आहे. फिर्यादीत 'जाणूनबुजून' केल्याचा आधार मांडावा लागतो, आणि त्यासाठी "या पुस्तकाची प्रत काढू नये" हे छापील पान व चॅनेलवाल्याने दिलेली उत्तरे कामी येतात.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत अपेक्षा कमी ठेवावी. संदेश मुळात कोणी पाठवला हे शोधून देण्याची २०२१ च्या त्याच नियमांतील नियम ४(२) ची तरतूद ठरावीक गंभीर गुन्ह्यांपुरती आहे, कॉपीराइट त्यात येत नाही. आणि एखाद्या सदस्याच्या पोस्टसाठी ग्रुप ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका वेगळ्या गुन्ह्याच्या संदर्भात म्हटले आहे. तिथे ॲडमिनला सभ्य शब्दांत लिहिलेला एक संदेशच बहुतेक वेळा अधिक काम करतो.

दाव्यासाठी दिल्लीला जावे लागते, हा गैरसमज आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे वादी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे सोलापूरकराला सोलापुरातच. दाव्याचे मूल्य ३ लाख रुपये किंवा अधिक असेल तर तो वाणिज्यिक दावा ठरतो आणि त्याआधी दोन्ही पक्षांत समेट घडवण्याची, मध्यस्थीची पायरी लागते, पण तातडीचा मनाई हुकूम मागायचा असल्यास ती सक्तीची नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्याने उच्च न्यायालयासाठीही आता मुंबई गाठावी लागत नाही. दिवाणी दाव्याची मुदत ३ वर्षांची आहे.

नाव हाती आल्यावर बऱ्याचदा समोर विशीतला एखादा उमेदवार निघतो, ज्याच्याकडून नुकसानभरपाई वसूल होण्याची शक्यता जवळजवळ नसते. अशा वेळी वकिलामार्फत लेखी हमीपत्र घ्यावे : सर्व प्रती पुसल्या, चॅनेलवर खुलासा टाकला, ती फाईल आपल्याला कोठून मिळाली ते सांगितले, आणि पुन्हा तसे केल्यास ठरलेली रक्कम देणे मान्य केले. यांतला तिसरा मुद्दा सर्वांत मोलाचा, कारण त्यातूनच मूळ स्कॅन करणाऱ्यापर्यंत पोहोचता येते. माझ्या पुस्तिकेच्या बाबतीत त्या एका ओळीवरून धागा लागला तो थेट माझ्याच एका विक्रेत्याच्या दुकानातील झेरॉक्स यंत्रापर्यंत.