अ‍ॅम्प्लिफायरची पॉवर केबल: तार आणि कनेक्टर निवडताना

मी आधी कनेक्टर ठरवतो, मग तार. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला लागणाऱ्या, कॉम्प्युटरच्या केबललाही असतो त्या नेहमीच्या सी१३ कनेक्टरची आंतरराष्ट्रीय मानकातली मर्यादा १० अँपिअर, मोठ्या सी१९ची १६.

तार तीन कोअरची (आत तीन वेगळ्या तारा असलेली), लवचीक, निव्वळ तांब्याची हवी. सी१३ला १.५ चौरस मिमी छेदाची तार पुरते. सी१९ला मी २.५ घेतो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार नकोच, तिचा रोध जास्त आणि ती लवकर तुटते. दोन मीटर १.५च्या तांब्याचा जाऊन-येऊन रोध जेमतेम ०.०५ ओहम. इतक्या कमी रोधात चांदीने फारसा फरक पडत नाही, म्हणून चांदीच्या तारेऐवजी मी पैसे चांगल्या कनेक्टरवर घालतो.

खरी गडबड होते ती जोडात. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकांना सोल्डर अजिबात लावू नका. दाबाखाली ते हळूहळू दबतं, जोड सैल होतो, तापतो. त्याऐवजी योग्य मापाचं फेरूल (तारेच्या टोकावर बसवायची धातूची छोटी नळी) क्रिंप करा, म्हणजे खास पकडीने दाबून बसवा. कनेक्टरमधल्या क्लॅम्पने केबलचं बाहेरचं आवरण पकडलं पाहिजे, आतल्या तारा नव्हे. त्यामुळे केबलची बाहेरची जाडी कनेक्टरला चालते का, हे खरेदीआधीच बघा. अर्थिंगची तार आत थोडी लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तरी ती सर्वांत शेवटी सुटेल.

प्लग लावण्याआधी मल्टीमीटरने तिन्ही तारांची सलगता तपासा, आणि त्या एकमेकींना कुठे चिकटत नाहीत ना, हेही.