व्हीलचेअर आणि घरबांधणीच्या मिशन टीमसोबत ग्वाटेमालाला जाताय? मग हे आधी वाचा

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींकडून हल्ली हा प्रश्न वरचेवर येतो की आमच्या चर्चची टीम ग्वाटेमालाला निघालीय, व्हीलचेअर द्यायच्यात आणि एका कुटुंबाला घर बांधून द्यायचंय, आम्ही जावं का, गेलो तर नक्की करायचं काय. मी फिजिओ आहे, अशा टीम्ससोबत काम करते, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते. जरूर जा. पण तयारी करून जा, कारण खुर्ची हातात दिली, फोटो काढला, प्रार्थना केली आणि पुढच्या गावाला निघालो असं हे काम नाहीये. माप न घेता दिलेली खुर्ची माणसाचा जीव घेऊ शकते, हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये, कसं ते खाली येईलच.

आधी हे काम कोण करतं ते थोडक्यात. फ्री व्हीलचेअर मिशन ही कॅलिफोर्नियाची संस्था, तिचे संस्थापक डॉन शोनडॉर्फर हे इंजिनिअर, 1979 मध्ये मोरोक्कोत त्यांनी एका बाईला मातीच्या रस्त्यावरून हाताने सरपटत जाताना पाहिलं आणि ते डोक्यातून गेलंच नाही. पुढे त्यांनी बागेतल्या साध्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीला सायकलची चाकं लावून स्वस्त व्हीलचेअर बनवली, आणि 2001 मध्ये पहिल्या चार खुर्च्या घेऊन ते आले ते आपल्या भारतातच. दुसरं नाव जॉनी एरेक्सन टाडा यांचं. 1967 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पाण्यात सूर मारताना मान मोडली, हातपाय लुळे पडले, त्याच बाईंनी 1979 मध्ये जॉनी अँड फ्रेंड्स सुरू केलं. त्यांच्या कामात जुन्या व्हीलचेअर अमेरिकेतल्या तुरुंगांमध्ये कैदी दुरुस्त करतात आणि मग थेरपिस्ट आणि मेकॅनिक लोकांची टीम त्या बाहेरच्या देशात नेऊन एकेकाला बसवून देते. घरांच्या बाबतीत हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी तुम्हाला माहीत असेल, 1976 मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावात सुरू झालेली, ग्वाटेमालात 1979 पासून आहे. लोणावळ्याजवळ मळवलीला 2006 मध्ये जिमी कार्टर स्वतः हातोडा घेऊन आले होते आणि शंभर घरांचं काम झालं होतं ना, ते ह्याच संस्थेचं. त्यांच्याकडे घर फुकट मिळत नाही, कुटुंबाला स्वतः राबावं लागतं आणि परवडेल अशा हप्त्याने पैसेही फेडावे लागतात, आणि मला ती पद्धत मनापासून पटते.

निघण्याआधी टीम लीडरला काही गोष्टी विचाराच. तिथे वर्षभर राहणारी लोकल संस्था किंवा चर्च कोणतं आहे? खुर्ची कोणाला द्यायची हे कोण ठरवतं? आपण परत आल्यावर चाक मोडलं तर कुटुंबाने कोणाकडे जायचं? ह्या तिसऱ्या प्रश्नाचं धड उत्तर नसेल तर मी म्हणेन त्या टीमसोबत जाऊ नका, तेच पैसे दुसऱ्या चांगल्या कामाला द्या. घर बांधायचं असेल तर जमिनीचे कागद कुटुंबाच्या नावावर आहेत का हेही विचारा, नाहीतर घर तयार झाल्यावर चुलता येऊन म्हणतो जागा माझी, हे आपल्याकडे होतं तसं तिथेही होतं. आणि एच-वन-बी वाल्यांनी पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प चालू आहे का ते आधी बघा, जाताना कोणी अडवत नाही, परत येताना अडकाल. भारतीय पासपोर्ट असेल तर ग्वाटेमालाच्या व्हिसाचं त्यांच्या कॉन्सुलेटलाच विचारा, चर्चमधल्या गोऱ्या मित्राचा अनुभव आपल्याला लागू होत नाही.

पावसाळा तिथे साधारण मे ते ऑक्टोबर असतो. तेव्हा बांधकाम रखडतं, डोंगरातले रस्ते चिखलाचे होतात, म्हणून जमलं तर नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये जा. डोंगराळ भाग उंचावर आहे, रात्री चांगली थंडी असते, स्वेटर न्या.

भाषेचं आधीच सांगते. थोडं स्पॅनिश शिकून जा पण तेवढ्यावर भागेल असं समजू नका, कारण ग्वाटेमालात माया लोकांच्या वीसेक भाषा आहेत, किचे, काकचिकेल, माम वगैरे, आणि गावातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना स्पॅनिश नीट येत नाही. म्हणजे तुम्ही इंग्लिशमध्ये बोलणार, एक जण त्याचं स्पॅनिश करणार, मग नात आजीला काकचिकेलमध्ये सांगणार. म्हणून छोटी वाक्यं बोला आणि आजीच्या तोंडाकडे बघून बोला, दुभाष्याकडे बघून नाही. कोणाच्याही अंगाला हात लावण्याआधी ‘कोन पेर्मिसो’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘परवानगी असावी’, असं म्हणा आणि मान हलेपर्यंत थांबा. बायकांची मापं शक्यतो बायकांनीच घ्यावी.

आता खुर्ची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात जवळपास 8 कोटी लोकांना व्हीलचेअर लागते आणि बऱ्याच देशांत गरजूंपैकी फार थोड्यांकडे ती आहे. त्यांच्या 2008 च्या गाईडलाइनमध्ये आठ पायऱ्या होत्या, 2023 च्या नव्या गाईडलाइनमध्ये चारच ठेवल्यात, योग्य खुर्ची निवडा, नीट बसवा, वापरायला शिकवा, आणि नंतर परत जाऊन बघा. बेसिक लेव्हलचं ट्रेनिंग पॅकेज इंटरनेटवर फुकट आहे, जाण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने ते वाचावं, बांधकामवाल्यांनी सुद्धा.

मापं घेताना माणसाला सरळ, कडक पृष्ठभागावर बसवा. कमरेची म्हणजे हिप्सची रुंदी, तीच सीटची रुंदी, ‘थोडी सैल असू दे’ म्हणून मोठी खुर्ची देऊ नका, माणूस एका बाजूला कलंडतो आणि काही वर्षांत पाठीचा कणा वाकडा होतो. ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागपर्यंतचं माप घ्यायचं आणि त्यातून 3 ते 6 सेंटीमीटर वजा केले की सीटची खोली मिळते. ती जास्त झाली तर माणूस पुढे घसरत राहतो. पायाची लांबी गुडघ्यापासून टाचेपर्यंत, फुटरेस्ट त्यावरून ठरतो. फुटरेस्ट फार वर असला तर मांड्या उचलल्या जातात आणि सगळं वजन बैठकीच्या हाडांवर येतं, फार खाली असला तर पाय लोंबकळतात. जो स्वतः चाक फिरवणार त्याच्या खुर्चीची पाठ खांद्याच्या फऱ्याच्या खालीच थांबली पाहिजे, नाहीतर हात मागे जात नाहीत. चाकाच्या रिंगवर हात ठेवल्यावर कोपर साधारण काटकोनात यायला हवं.

ह्या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुशन. मणक्याला मार लागलेल्या माणसाला कमरेखाली काही जाणवत नाही, आपण बसल्या बसल्या नकळत कूस बदलत असतो तसं तो बदलत नाही, हाडाखालची कातडी दबून रक्तपुरवठा बंद होतो, आधी लाल डाग, मग जखम, मग ती हाडापर्यंत जाते, इन्फेक्शन रक्तात पसरतं आणि माणूस जातो. म्हणून कुशनशिवाय अशा माणसाला खुर्ची द्यायचीच नाही. कुशन बसवल्यावर हाताने तपासायचं असतं. तो बसलेला असताना बाजूने हात घालून बोटं बैठकीच्या हाडाखाली, हाड आणि कुशनच्या मध्ये न्यायची. बोटांची टोकं वरखाली अर्धा सेंटीमीटर तरी हलत असली तर ठीक, हलत नाहीत पण सहज बाहेर निघतात तर सावध, आणि बोटं घट्ट चिमटली गेली तर कुशन चालणार नाही, बदला. दोन्ही बाजूंना करा. मग त्याला शिकवा की अर्धा तास व्हायच्या आतच पुढे वाकून कोपर गुडघ्यांवर टेकायचे आणि दोनेक मिनिटं तसंच थांबायचं, आणि घरच्यांनी रोज रात्री कातडी बघायची. लाली दिसली तर ती पूर्ण जाईपर्यंत त्यावर बसायचं नाही.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं, असलेलं मूल असेल तर ते काम नवख्यांनी करू नये, थेरपिस्टकडेच सोपवा. अशा मुलांना आई पाठीवर बांधून नेते आणि बऱ्याचदा आडवं ठेवूनच भरवते, त्यात अन्न श्वासनळीत जायची भीती असते. डोकं आणि धड सरळ धरणारी खुर्ची मिळाली की भरवणंच बदलतं, आईचे दोन्ही हात मोकळे होतात. मात्र मूल वाढतं, खुर्ची वाढत नाही, म्हणून पुढच्या साइझची सोय कोण करणार हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

हॉस्पिटलमध्ये असते ना ती घडीची खुर्ची, पुढे छोटी चाकं आणि झोळीसारखी सीट, ती तिथल्या अँटिग्वा शहराच्या दगडी रस्त्यावर किंवा मक्याच्या शेतातल्या पायवाटेवर उपयोगाची नाही, पुढचं चाक खड्ड्यात अडकलं की माणूस तोंडावर पडतो. पुढची चाकं मोठी आणि रुंद हवीत आणि खुर्चीची लांबी जास्त हवी. तिथल्या बायका कोर्ते नावाचा कमरेभोवती गुंडाळायचा लांब कपडा नेसतात, त्यांच्या खुर्चीला बाजूला कपडे अडवणारी पट्टी असलीच पाहिजे, नाहीतर कापड चाकात जातं. घरच्या एका माणसाला, बहुतेक वेळा ती मोठी बहीण असते, खुर्ची मागे कलवून खड्ड्यावरून कशी न्यायची, तीव्र उतारावर उलटी कशी उतरवायची, हवा कशी भरायची, ब्रेकचा नट कसा आवळायचा हे तिच्या हाताने करवून घ्या. तुम्ही करून दाखवलं म्हणजे तिला आलं असं नाही.

आता घर. इथे मला एकच गोष्ट ओरडून सांगावीशी वाटते की खुर्चीची टीम आणि घराची टीम वेगवेगळी काम करते हेच चुकतं. मार्क दुसऱ्या अध्यायात चौघा जणांनी पक्षाघात झालेल्या माणसाला येशूकडे न्यायला घराचं छप्पर उकललं, कारण दारातून आत जायला वाट नव्हती. आपण नवीन घर बांधतोय तर दार आधीच मोठं ठेवूया. 90 सेंटीमीटरचं दार, उंबरा नको, पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला हलका उतार द्या. जोतं 15 सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प 1.8 मीटर लांब हवा, म्हणजे एकास बारा, आणि दारासमोर खुर्ची वळेल एवढी दीड मीटरची सपाट जागा. हे सगळं पहिला ब्लॉक ठेवायच्या आधी खडूने जमिनीवर आखा आणि त्या माणसाला खुर्चीसकट आखलेल्या घरात फिरू द्या, कुठे अडतंय ते तोच सांगेल. आणि संडास! घर छान होतं पण संडास मागे उतारावर चिखलात, मग माणूस दिवसभर पाणीच पीत नाही, मूत्रमार्गाला इन्फेक्शन होतं. तिथपर्यंत काँक्रीटची वाट करा, आत धरायला पाइप लावा. पिला म्हणजे तिथली कपडे-भांडी धुवायची सिमेंटची टाकी, तिच्या एका बाजूला खाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा ठेवता आली तर त्या घरातली बाई परत स्वतःची कामं करू शकते.

भिंतींच्या बाबतीत तिथल्या गवंड्याचं ऐका. 4 फेब्रुवारी 1976 च्या भूकंपात ग्वाटेमालात सुमारे 23 हजार माणसं गेली, त्यातली कितीतरी कच्च्या मातीच्या विटांच्या जड भिंतींखाली, आपल्या किल्लारीला 1993 मध्ये दगडमातीच्या भिंतींनी केलं तसंच. म्हणून आता ब्लॉकच्या भिंतीत उभ्या सळया, कोपऱ्यांना कॉलम आणि पायापासून वरपर्यंत आडवे पट्टे टाकतात, त्यांना सोलेरा म्हणतात. शनिवारी संपवायची घाई म्हणून एकही पट्टा वगळायचा नाही, सळयांभोवती बांधलेल्या लोखंडी रिंगांची टोकं आत वाकवलेली आहेत का बघायचं. तुम्ही सॉफ्टवेअरवाले असाल तर घमेली उचला, वाळू चाळा, सळया बांधा, ओळंबा गवंड्याच्या हातात राहू दे. सिमेंट, पत्रे, ब्लॉक तिथल्याच दुकानातून घ्या आणि गवंड्याला पूर्ण मजुरी द्या, आपण फुकट राबतो म्हणून त्याची रोजी जाता कामा नये.

प्रार्थनेबद्दल. आपण ख्रिस्ती म्हणून जातोय, ते लपवायचं काही कारण नाही, पण प्रार्थना करू का असं विचारा आणि नको म्हटलं तर तितक्याच प्रेमाने खुर्ची बसवा. ते लोकही बहुतेक ख्रिस्तीच आहेत, कोणी कॅथलिक कोणी इव्हँजेलिकल, त्यांना येशू पहिल्यांदा सांगायला आपण आलोय असं वागू नका. अपंग माणसाने आयुष्यभर ऐकलेलं असतं की विश्वास कमी म्हणून बरा झाला नाहीस, आपल्या तोंडून ते चुकूनही जाऊ नये. सरपटतानाचे ‘आधीचे’ फोटो काढू नका. खुर्चीत बसल्यावरचा फोटोही त्याला विचारून, आणि चर्चच्या फेसबुकवर टाकायचा असेल तर ते वेगळं विचारून.

परत आल्यावर रिपोर्ट लिहिताना प्रत्येक खुर्चीचा नंबर, साइझ, कुशनचा प्रकार आणि कुटुंबापर्यंत पोचायचा फोन लोकल संस्थेकडे गेलाय का याची खात्री करा, ही यादी चर्चच्या ग्रुपवर फिरवू नका. साधारण दोन-तीन महिन्यांनी तिथल्या टेक्निशियनने घरी जाऊन बघायला हवं, त्याच्या प्रवासखर्चासाठी टीमच्या बजेटमधून आधीच पैसे बाजूला काढा. पुढच्या टीमच्या सामानात नवे टी-शर्ट नेण्याऐवजी ट्यूब, बेअरिंग, ब्रेकचे पार्ट आणि कुशनची जास्तीची कव्हरं भरा, साइझ मात्र त्या टेक्निशियनलाच विचारून घ्या.