नोव्हा स्कोशियातल्या स्कॉटिश घराण्याचं मूळ गाव कसं शोधावं

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एखाद्या मॅकडॉनल्ड किंवा मॅकनील घराण्याचं स्कॉटलंडमधलं मूळ शोधायचं असेल, तर एक खूणगाठ आधीच बांधा : पॅरिशचं नाव हाती येईपर्यंत स्कॉटलंडच्या नोंदींना हात लावायचा नाही. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर. तिथले जुने दप्तर त्याच हिशेबाने लावलेले आहे. 'जन्म : स्कॉटलंड' एवढ्याच आधारावर डोनाल्ड मॅकडॉनल्ड शोधायला गेलात तर त्या नावाची माणसं ढिगाने सापडतात आणि त्यातला सोयीचा एक उचलला जातो. चुकीच्या वंशावळी बहुतेक अशाच तयार होतात.

म्हणून सुरुवात कॅनडाच्या बाजूने. नोव्हा स्कोशियात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ ते १८७७ झाली, मग खंड पडून १९०८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. विवाहनोंदी मात्र १८६४ पासून मिळतात. प्रांताच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्या फुकट पाहता येतात. १९०१ च्या जनगणनेत स्थलांतराचं वर्षही विचारलं होतं. थडग्यांवरचे लेख आवर्जून वाचा, कारण पहिल्या पिढीच्या दगडावर कधीकधी पॅरिशचं नावच कोरलेलं असतं.

घराणं याच प्रांतातल्या केप ब्रेटन बेटावरचं असेल तर १७८७ ते १८४३ चे जमिनीचे अर्ज ही खरी खाण. अर्जदार आपलं वय, मूळ ठिकाण, येऊन किती वर्षं झाली, बायको-मुलं किती, हे पुष्कळदा स्वतःच सांगतो. फक्त अर्जाची तारीख ही येण्याची तारीख समजू नका. कित्येकांनी आधी जमीन कसायला घेतली आणि अर्ज मागाहून केला.

जहाजाच्या मागे फार वेळ घालवू नका. क्वेबेकला उतरलेल्यांच्या याद्या १८६५ पासून, हॅलिफॅक्सच्या १८८१ पासून, आणि ब्रिटनमधून निघालेल्यांच्या १८९० पासून जपलेल्या आहेत. नोव्हा स्कोशियात येणाऱ्या हायलँडरांची, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या लोकांची, मोठी लाट त्याआधीच येऊन गेली होती. १७७३ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉख ब्रूमहून नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला आलेल्या 'हेक्टर' जहाजाची प्रसिद्ध यादीसुद्धा नंतर आठवणीने केलेली आहे.

धर्मपंथावरून मात्र दिशा कळते. नोव्हा स्कोशियातल्या अँटिगोनिश आणि केप ब्रेटनच्या पश्चिमेकडची कॅथलिक घराणी बरीचशी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बॅरा, साउथ उइस्ट, मॉयडार्ट, अरिसेग या भागांतली. पिक्टूकडची प्रेसबिटेरियन (स्कॉटलंडच्या मुख्य प्रोटेस्टंट पंथाची) घराणी बरीचशी रॉसशायर आणि सदरलंडची. इथे काउंटीचा, म्हणजे जुन्या जिल्ह्याचा, एक घोळ होतो. लुइस बेट रॉसशायरमध्ये मोडायचं, तर त्याच भूभागाला जोडलेलं हॅरिस आणि त्याखालची बेटं इन्व्हर्नेसशायरमध्ये. 'इन्व्हर्नेसशायर' वाचून इन्व्हर्नेस शहराच्या आसपास शोधणारे म्हणूनच रिकाम्या हाताने परततात.

पॅरिश कळली की चर्चची जुनी नोंदपुस्तकं, म्हणजे १८५५ च्या आधीची. ती 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर आहेत : सूचीत शोधणं फुकट, मूळ पान पाहायला क्रेडिट विकत घ्यावी लागतात. तिथे नाव नाही म्हणून माणूसच नव्हता असं धरू नका. हायलँडमधल्या बऱ्याच पॅरिशांची पुस्तकं उशिरा सुरू झाली, इतर पंथांच्या नोंदी वेगळ्या असायच्या, आणि १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, त्यामुळे अनेकांनी नोंद केलीच नाही.

अशी वाट अडली की मागे राहिलेल्या भावंडाला गाठा. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून सक्तीची सरकारी नोंद सुरू झाली आणि तिथल्या मृत्युनोंदीत आईवडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. समजा, तुमचा माणूस १८२० च्या सुमारास गेला आणि त्याचा बाप्तिस्मा कुठेच सापडत नाही. त्याची बहीण त्याच पॅरिशमध्ये १८६० साली वारली असेल, तर तिच्या मृत्युनोंदीतून दोघांचे आईवडील मिळतात. त्या नोंदीत माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं असतं तेही वाचा. मुलाने दिलेली नावं शेजाऱ्याने दिलेल्यांपेक्षा भरवशाची.

नावांच्या बाबतीत हात जरा सैल ठेवा. डोनाल्डचा डॅनिएल होतो, जेनेटची जेसी, आणि मॅक कधी एमसी म्हणून लिहिला जातो. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, ही रीत होती. तिचा उपयोग अंदाजापुरता करा, पुरावा म्हणून नाही. केप ब्रेटनच्या गेलिक (हायलँडरांची जुनी भाषा) बोलणाऱ्या घरांत पिढ्या 'डोनाल्ड, इयनचा, अ‍ॅलनचा' अशा सांगतात. आपल्याकडे नावामागे वडिलांचं नाव लागतं तसंच हे, फक्त माळ आणखी लांब. कुणी वडीलधारं माणूस ती सांगत असेल तर शब्दशः उतरवून घ्या. एकाच आडनावाच्या गावात तिच्याइतका उपयोगी धागा नाही.

शेवटी, सापडलेला माणूस खोडून काढायचा प्रयत्न करा. तो स्कॉटलंडच्या १८४१ च्या जनगणनेत त्याच पॅरिशमध्ये राहताना दिसतोय का? पाहताना लक्षात ठेवा की त्या वर्षी पंधरापुढची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली होती, म्हणजे चौतिशीतला माणूस तिथे तीसचा दिसेल. किंवा १८५५ नंतर तिथेच त्याचा मृत्यू नोंदला आहे का? तसं असेल आणि तुमचा माणूस तोवर नोव्हा स्कोशियात स्थायिक झालेला असेल, तर हा कुणी दुसराच डोनाल्ड आहे. त्याला वंशावळीतून काढा आणि पुन्हा भावंडांकडे वळा.