गोठलेल्या तळ्यावर तंबू उभारायचा तर पहिला खिळा वाऱ्याच्या बाजूला

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डिसेंबर लागला की तळी गोठू लागतात आणि महिन्याभरात त्यांच्यावर वस्ती उभी राहते. मिल लॅक्ससारख्या मोठ्या तळ्यावर ऐन हिवाळ्यात लाकडी खोल्या, चाकांवरची घरं आणि लाल-निळे तंबू यांचं अख्खं गाव दिसतं. बर्फाला भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा आणि वॉलआय किंवा पर्च लागण्याची वाट बघत बसायचं. वॉलआय हा या राज्याचा अधिकृत मासा. बर्फाखाली तो मजेत असतो, कारण पाणी 4 अंश सेल्सिअसला सगळ्यांत जड असतं. ते जड पाणी तळाशी बसतं आणि गोठणारा थर वरच राहतो.

मासा मजेत असला तरी माणूस नसतो. उणे 15 अंशात वारा सुटला की उघड्यावर अर्धा तास काढणं कठीण जातं. म्हणून तंबू हवा. ट्विन सिटीजमधली, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांतली, बरीच मराठी मंडळी आता मुलांना घेऊन बर्फावर जाऊ लागली आहेत. त्यांच्याकडून सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार मासा लागला नाही ही नसते, तंबूच उभा राहिला नाही ही असते. दोष बहुधा तंबूचा नसतो. कामाचा क्रम चुकलेला असतो.

कोणता तंबू

उचलून नेता येणारे तंबू मुख्यतः दोन जातींचे. एक घसरगाडीला जोडलेला. गाडी ओढत न्यायची, तिच्यावरच बसायचं आणि मागचं छप्पर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायचं. मिनेसोटाच्या डेव्ह गेंझ यांनी 1980च्या सुमारास असा तंबू बनवला आणि मासे जिथे असतील तिथे सतत जागा बदलत फिरण्याची पद्धत इथे रुजली. एकट्याने फिरणाऱ्याला तो उत्तम.

दुसरा हब तंबू. चार भिंती आणि छप्पर, प्रत्येकाच्या मधोमध एक गाठ, आणि त्या गाठीतून चार कोपऱ्यांकडे जाणाऱ्या फायबरग्लासच्या चार काठ्या. गाठीचा पट्टा धरून बाहेर ओढला की काठ्यांना बाक येतो आणि भिंत खटकन ताठ होते. वाऱ्यात छत्री उलटी होते ना, तीच क्रिया, फक्त आपल्या फायद्याची. दोघा-तिघांसाठी, मुलांना घेऊन जाण्यासाठी मी हाच घ्यायला सांगेन. जागा भरपूर, उभं राहता येतं, आणि सगळा पसारा एका लांब पिशवीत मावतो. पैसे परवडत असतील तर अस्तर घातलेला घ्या. एकेरी कापडाच्या तंबूत आपल्याच श्वासाची वाफ छतावर जमते आणि थेंब मानेवर पडत राहतात.

विकत आणल्यावर तो थेट तळ्यावर नेऊ नका. घरामागच्या अंगणात किंवा गॅरेजमध्ये दोनदा उभारा, दोनदा मोडा, आणि दुसऱ्या वेळी जाड हातमोजे घालून. बोटांना जे हातमोज्यात जमत नाही ते तळ्यावर जमणार नाही.

आधी बर्फ

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा साधा नियम आहे: 4 इंचांपेक्षा कमी बर्फावर पाऊल ठेवायचं नाही. 4 इंच चालत जायला, 5 ते 7 इंच स्नोमोबिलला (हिमावर चालणाऱ्या छोट्या गाडीला), छोट्या मोटारीला 9 ते 10. हे आकडे नव्या, स्वच्छ, निळसर काचेसारख्या बर्फाचे. हिमाच्या चिखलातून गोठलेला पांढरा, दुधट बर्फ निम्म्याच ताकदीचा, म्हणून त्याच्यासाठी जाडी दुप्पट धरा. आणि किनाऱ्यावर एकदा मोजून भागत नाही. पहारीने किंवा गिरमिटाने दर दीडशे फुटांवर तपासत जायचं. झरे, ओढ्याचं तोंड, पुलाखालची जागा, हे टाळायचं. गळ्यात बर्फात रुतवायच्या टोकदार मुठींची जोडी हवीच. माणूस पाण्यात पडला तर ओल्या निसरड्या काठावरून वर यायला दुसरा आधार मिळत नाही.

वाऱ्याचाही विचार इथेच सुरू होतो. 29 डिसेंबर 2023 ला मिनेसोटातल्याच अपर रेड लेक या तळ्यावर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभरहून जास्त माणसं त्यावर अडकली. त्यांना सुखरूप आणलं गेलं, पण हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या तळ्यावर किनाऱ्याकडून आतल्या बाजूला जोराचा वारा वाहत असेल, तर मी त्या दिवशी जात नाही.

जागा साफ करणं

जागा ठरवताना एक भोक पाडून खोली बघा. मनासारखी असेल तर त्याच्या भोवती तंबूपेक्षा जरा मोठा चौरस फावड्याने खरवडून उघडा बर्फ दिसेपर्यंत साफ करा. शेजाऱ्याच्या तंबूपासून किमान 10 फूट लांब राहा, तसा कायदाच आहे.

ही साफसफाई बहुतेक जण टाळतात. हब तंबूला सहसा तळ नसतो. आत हीटर लावला की खालचं भुसभुशीत हिम वितळतं, भोकातून वर आलेलं पाणी त्यात मुरतं, आणि तासाभरात बुटाच्या तळव्याइतका चिखल होतो. संध्याकाळी तोच चिखल तंबूच्या कडेला घट्ट धरून गोठतो. साफ केलेल्या बर्फावर हे होत नाही. काढलेलं हिम फेकून देऊ नका. चौरसाच्या चारी बाजूंना बाहेर ढीग करून ठेवा, ते पुढे लागणार आहे.

उभारणी

आता उभं राहा आणि वारा कुठून येतोय ते गालावर जोखा. तंबूचा एक कोपरा वाऱ्याकडे यायला हवा, भिंत नको. कोपऱ्यावर वारा दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातो. सपाट भिंतीवर आदळला तर गाठ आत ढकलली जाते आणि अख्खी भिंत आत येते. दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला.

पिशवीतून काढलेला तंबू मिटलेलाच बर्फावर आडवा ठेवा. वाऱ्याकडे येणारा कोपरा ओळखा आणि त्याच्या कडीतून पहिला खिळा बर्फात पिळून बसवा. हे बर्फाचे खिळे म्हणजे जाड मळसूत्रं. हाताने पिळता येतात, पण बॅटरीच्या ड्रिलला जोडायचं टोपण स्वस्तात मिळतं आणि गोठलेल्या बोटांचा जीव वाचवतं. कठीण, स्वच्छ बर्फात खिळा सुरुवातीला घसरतो. आधी टोकाने छोटा खड्डा करा, मग सरळ उभा धरून दाबत फिरवा.

हा पहिला खिळा बसेपर्यंत एकही भिंत ताणायची नाही. आमच्या एका मित्राच्या कुटुंबाने तंबू आधी पूर्ण उभा केला आणि मग खिळे शोधायला पिशवीत हात घातला. तेवढ्यात आलेल्या एका झोताने तंबू उचलला आणि तो गडगडत इतका लांब गेला की तिघांनी धावूनही हाती लागला नाही. दोन काठ्या मोडल्या, छप्पर फाटलं. ताणलेला हब तंबू म्हणजे शीड. तो हलका, त्याला तळ नाही, आणि गोठलेल्या तळ्यावर त्याला अडवायला एक झुडूपही नसतं.

पहिला खिळा बसला की वारा तुमच्या मदतीला येतो. कापड तो आपोआप पलीकडे पसरवतो. बांधलेल्या कोपऱ्याला लागून असलेली एक भिंत निवडा. तिचे दोन्ही कोपरे पुरते मोकळे झालेत ना, काठी कापडात अडकली नाही ना, ते बघा. मग मधल्या गाठीचा पट्टा दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून, सरळ बाहेर ओढा. खटका बसेल. कापड धरून ओढू नका. आणि खटका बसत नसेल तर जोर वाढवू नका, कोपरा अजून मिटलेला आहे असं समजा. थंडीत फायबरग्लासच्या काठीला असा तिरका ताण सोसत नाही. जास्तीची एक काठी आणि चिकटपट्टी पिशवीत कायम ठेवावी.

या भिंतीचं दुसरं टोक लगेच खिळ्याने बांधा. मग पहिल्या कोपऱ्याच्या दुसऱ्या बाजूची भिंत, तिचंही टोक. त्यानंतर उरलेल्या दोन भिंती. छप्पर शेवटी: दारातून आत जा आणि मधली गाठ तळव्याने वर ढकला. काही तंबूंना छप्पर आधी वर करायला सांगितलेलं असतं. तसं असेल तर आपल्या तंबूच्या कागदावरचा क्रम पाळा, पण पहिला खिळा तरीही पहिलाच. मोठं माणूस एकटं असेल तर हे जमतं, दोघं असतील तर फार सोपं जातं: एकाने कापड धरायचं, दुसऱ्याने ओढायचं.

चारही कोपरे बांधून झाले की वाऱ्याकडच्या दोन भिंतींच्या गाठींना दोऱ्या बांधून त्या तिरक्या, काही फूट लांब नेऊन खिळ्यांना ताणून बांधा. वारा नसला तरी बांधा. दुपारी शांत असलेलं तळं संध्याकाळी तसंच राहील असं नाही, आणि आत बसलेल्याला बदललेला वारा उशिरा कळतो. दोरीला रंगीत चिंधी लावली तर अंधारात कोणी अडखळणार नाही.

आता तो हिमाचा ढीग. तंबूच्या खालच्या कडेला बाहेर पसरलेली कापडाची झालर असते. तिच्यावर कोरडं हिम ओढून पायाने थोपटा. यानेच खालून येणारा वारा बंद होतो आणि तंबूला वजनही मिळतं. ओला चिखल मात्र झालरीवर टाकू नका, तो दगड होतो आणि परत येताना झालर फाटते.

आतली मांडणी

जमिनीवर फोमच्या जोडायच्या चटया घाला, मुलांच्या खोलीत असतात तशा, भोकांपुरती जागा कापून. पायाखालची थंडी अंगात चढते ती सगळ्यांत आधी.

मिनेसोटात हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ टाकता येतात, त्यामुळे उरलेली भोकं आता पाडा. भिंतीपासून हातभर आत, आणि दारातून आत येणाऱ्याचं पहिलं पाऊल पडतं तिथे कधीच नाही. साधारण 8 इंचांचं भोक पुरतं. बॅटरीचं गिरमीट असेल तर आतच चालवा. पेट्रोलचं असेल तर सगळी भोकं तंबू उभारण्याआधी पाडून घ्या, त्याचा धूर बंद कापडात भरायला मिनिटही लागत नाही. भोकात तरंगणारा चुरा झाऱ्याने काढत राहायचा. इथे त्यासाठी वेगळा झारा विकतात, पण घरातला जुना तळणीचा झाराही काम देतो.

हीटरबद्दल मी कोणाशीच तडजोड करत नाही. प्रोपेनच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की थंडीने किंवा भुकेने होतंय. म्हणून वरची एक खिडकी आणि खालचा एक झरोका, दोन्ही कायम उघडे. ऊब थोडी कमी होईल, होऊ द्या. ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होणारा हीटरच घ्या, तो सपाट फळीवर, कापडापासून लांब ठेवा, आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसल्यावर डोकं येईल त्या उंचीला टांगा. डोकं जड वाटलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, कारण नंतर शोधा. हीटर चालू ठेवून झोपायचं नाही.

चहा थर्मासमध्ये घरूनच न्या. आत उकळत ठेवलात तर वाफ छताला गोठते.

मोडताना

उजेड असताना सुरू करा. आधी हीटर बंद, सामान बाहेर, मग झालरीवरचं हिम फावड्याने सारून मोकळं. कुठे गोठून चिकटली असेल तर ओढू नका. फावड्याच्या पाठीने आजूबाजूचा बर्फ ठोकून सोडवा. छप्पर आत ओढा, मग वाऱ्याच्या आडोशाच्या भिंती, मग वाऱ्याकडच्या. खिळेही त्याच क्रमाने निघतील: ज्या कोपऱ्यावर पहिला खिळा बसवला, त्याचा खिळा तंबू पूर्ण मिटून कोणीतरी त्याच्यावर गुडघा टेकल्यावरच काढायचा. खिळे मोजून डबीत टाका. बर्फात राहिलेला खिळा उद्या कुणाच्या टायरला लागतो.

भोकं उघडी राहतात आणि रात्रीतून त्यांच्यावर पातळ पापुद्रा धरतो, वर हिम पडलं की दिसतही नाहीत. प्रत्येकापाशी हिमाचा छोटा ढीग करून वाळकी फांदी खोचून ठेवा. कचरा, आमिषाच्या डब्या, दोऱ्याचे तुकडे, सगळं परत.

घरी पोचल्यावर कितीही दमला असलात तरी तंबू त्याच रात्री गॅरेजमध्ये उघडा टाका. अस्तरात शिरलेलं पाणी पिशवीत राहिलं तर थंडीत कापड पत्र्यासारखं कडक होतं आणि पुढच्या वेळी पहिलीच भिंत ओढताना घडीवर चिरतं. उन्हाळ्याआधी तर दोन दिवस पूर्ण वाळू द्या, चेनवर मेण फिरवा, आणि वाकलेला एखादा खिळा असेल तर तो तेव्हाच बदलून ठेवा.