पदवीचा प्रकल्प: टॉपिक मिळाला, पण प्रश्न कुठे आहे?

पदवीला प्रकल्प करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी टॉपिक शोधायला लागतात. ‘हवामान बदल’, ‘समाजमाध्यमं आणि तरुण’, ‘कादंबरीतली स्त्री’. टॉपिक मिळाला की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं, गाइडही ‘चालेल, करा’ म्हणतात. मग सबमिशन तोंडावर येतं तेव्हा लक्षात येतं की हाताशी पीडीएफचा ढीग आहे, पण नेमकं करायचं काय ते ठरलेलंच नाही.

मी पदवीला वनस्पतिशास्त्राचा प्रकल्प केला. पुढे शिकवायला लागल्यावर इतिहास, मानसशास्त्र, वाणिज्य, नाट्यशास्त्र अशा सगळ्या विभागांतल्या मुलांचे प्रस्ताव वाचायचं काम माझ्याकडे आलं. विषय कुठलाही असो, गाडी अडते ती याच जागी. म्हणून इथे जास्त जागा प्रश्नाला देणार आहे, बाकीचं भराभर उरकतो.

माझ्याच विषयातलं उदाहरण घेतो, कारण त्यातले बारकावे मला माहीत आहेत. ‘हवामान बदलाचा झाडांवर परिणाम’ हा टॉपिक झाला. ‘रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर पर्णरंध्रांची (पानावरच्या हवेच्या सूक्ष्म छिद्रांची) घनता, रस्त्यापासून आत असलेल्या त्याच जातीच्या झाडांपेक्षा वेगळी असते का?’ हा प्रश्न झाला. याला लागणारं सामान फारच थोडं आहे. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावायचा, पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून अलगद उचलायची आणि स्लाइडवर चिकटवायची. पट्टीवर रंध्रांचा ठसा येतो. मायक्रोस्कोपच्या आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, फील्ड नंबर (दिसणाऱ्या वर्तुळाचं माप) १८ असेल, तर ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली, म्हणजे स्लाइडजवळच्या भिंगाखाली, दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर. क्षेत्रफळ झालं साधारण ०.१६ चौरस मिलिमीटर. त्यात ३० रंध्रं मोजली, तर एका चौरस मिलिमीटरला सुमारे १९० पडली. वर्तुळाच्या कडेवर अर्धवट दिसणारी रंध्रं मोजायची की सोडायची, हे पहिल्या स्लाइडच्या आधी ठरवून वहीत लिहायचं आणि शेवटच्या स्लाइडपर्यंत तोच नियम पाळायचा.

हे पोरखेळ वाटेल. पण १९८७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. आय. वुडवर्ड यांनी ‘नेचर’मध्ये जो निबंध छापला, त्याच्या मुळाशी रंध्रांची मोजणीच होती. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जपून ठेवलेली जुनी पानं त्यांनी तपासली आणि २०० वर्षांच्या काळात रंध्रांची घनता ४० टक्क्यांच्या आसपास कमी झाल्याचं दाखवलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पानाला तेवढ्याच कामासाठी कमी रंध्रं पुरतात, असा त्याचा अर्थ. हवामान बदलासारख्या अवाढव्य टॉपिककडे जायची वाट एका मोजता येणाऱ्या गोष्टीतून गेली.

प्रश्न असा छोटा केला की त्यातल्या अडचणी आपोआप वर येतात, आणि हाच त्याचा मोठा फायदा. उन्हातल्या पानांवर सावलीतल्या पानांपेक्षा रंध्रं सहसा दाट असतात. रस्त्याकडेचं झाड मोकळ्या उन्हात आणि आतलं झाड इमारतीच्या सावलीत असेल, तर तुम्ही रस्त्याचा धूर मोजत नाही, ऊन मोजताय. मग ठरवावं लागतं: दोन्हीकडे उन्हाच्या बाजूचीच पानं, सारख्याच उंचीवरची, पूर्ण वाढलेली. दुसरी अडचण आकड्यांची. एकाच झाडाच्या पानांवर ५० ठिकाणी मोजून ‘नमुने ५०’ असं लिहिणारे प्रस्ताव माझ्याकडे सतत येतात. तो नमुना ५० चा नाही, एका झाडाचा आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याच घोटाळ्यावर एक निबंध लिहिला. परिसंस्थाशास्त्रात तो आजही वाचायला देतात, आणि मला वाटतं इतर शाखांच्या मुलांनीही वाचावा. एका शाळेतली ५० मुलं घेऊन ‘शाळांची तुलना’ करणाऱ्याला तो तितकाच लागू पडतो.

मानव्यशाखेतली मुलं इथे म्हणतात, ‘सर, आमच्याकडे मोजायचं नसतं.’ नसेल, पण आवाका ठरवावाच लागतो. ‘वृत्तपत्रं आणि जनमत’ यावर आयुष्यभर काम करता येईल. एका वृत्तपत्राचं एक वर्ष, त्यातली फक्त वाचकांची पत्रं, आणि प्रश्न एवढाच: पत्रलेखक दाद कोणाकडे मागतो, सरकारकडे, संपादकाकडे की इतर वाचकांकडे? हे एका सत्रात होतं. पत्रं अशी गटांत वाटायची तर प्रत्येक गटाची व्याख्या आधी लिहून काढावी आणि दोघांनी एकमेकांना न विचारता तीच पत्रं वाचून गट लावावेत. नंतर ‘आमचं ८५ टक्के जमलं’ म्हणून खूश व्हायची घाई नको. समजा, दोघांनीही ९० टक्के पत्रं ‘सरकारकडे’ या गटात टाकली आणि उरलेली दुसऱ्या एका गटात. मग नुसत्या योगायोगानेच ८२ टक्के पत्रांवर दोघांचं एकमत झालं असतं. जेकब कोहेन यांचा १९६० चा ‘कप्पा’ (ग्रीक अक्षरावरून) हा निर्देशांक हा योगायोग वजा करतो, आणि तुमच्या ८५ टक्क्यांना इथे तो, पूर्ण एकमत म्हणजे १ धरलं तर, जेमतेम ०.१७ येतो. याचा अर्थ व्याख्या ढिल्या आहेत, वाचणारे कच्चे आहेत असं नाही. व्याख्या घट्ट करायच्या आणि पुन्हा वाचायचं.

प्रश्न तयार झाला की नाही हे तपासायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. डेटा गोळा करण्याआधी मी मुलांना शेवटचा तक्ता किंवा आलेख रिकामा काढून आणायला सांगतो. अक्षांवर काय असेल, रकाने कोणते, आकडे असे आले तर काय म्हणणार आणि उलटे आले तर काय म्हणणार. हा रिकामा तक्ता काढता येत नसेल तर तुमच्याकडे अजून टॉपिकच आहे. मौखिक इतिहासवाल्यांनी तक्त्याऐवजी मुलाखतीत विचारायचे पाच-सहा प्रश्न आणि प्रत्येकातून काय कळणं अपेक्षित आहे ते लिहावं.

रिकाम्या तक्त्याचा आणखी एक उपयोग आहे. मानसशास्त्र, वाणिज्य आणि सर्व्हेवाल्या सगळ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. प्रश्नावलीत वीस गोष्टी विचारल्या आणि प्रत्येकीचा एकाच निकालाशी संबंध तपासत बसलात, तर प्रत्यक्षात कसलाच संबंध नसतानाही ०.०५ च्या कसोटीवर (म्हणजे दर तपासणीत योगायोगाला पाच टक्के वाव धरून) निदान एक तरी ‘लक्षणीय’ निकाल निघायची शक्यता ६४ टक्के असते. सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन या संशोधकांनी २०११ मध्ये याची खिल्लीच उडवली. विद्यार्थ्यांना गाणं ऐकवून त्यांनी अशी आकडेमोड केली की एक विशिष्ट गाणं ऐकणाऱ्यांचं वय जवळजवळ दीड वर्षाने कमी भरलं! तरुण वाटल्याची भावना नव्हे, जन्मतारखेवरून काढलेलं वय. कोणते आकडे धरायचे, कोणते सोडायचे हे निकाल बघून ठरवलं की काहीही सिद्ध होतं. तक्ता आधीच काढून गाइडकडे दिलेला असेल, तर ही पळवाट आपोआप बंद होते.

आता सर्जनशील प्रकल्प. चित्रकला, नाटक, वास्तुरचना, लेखन इथल्या मुलांना वाटतं की ‘संशोधन’ हे लचांड आपल्यामागे उगाच लावलंय. कलाशिक्षणाचे अभ्यासक ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये तीन प्रकार मांडले: कलेविषयी संशोधन, कलेसाठी संशोधन, आणि कला करता करता होणारं संशोधन. गोंधळ तिसऱ्यात होतो, आणि खरी गंमतही तिथेच आहे. नाट्यशास्त्राच्या एका मुलीने दोन पात्रांचा एक छोटा प्रवेश निवडला. संवाद, हालचाली, नट सगळं तसंच ठेवून तिने तो तीन वेगवेगळ्या प्रकाशयोजनांत केला, तीन वेगळ्या प्रेक्षकगटांसमोर. प्रयोग संपल्यावर चिठ्ठीवर एकच प्रश्न: ‘या दोघांत वरचढ कोण?’ चिठ्ठ्या तर तिने मांडल्याच, पण मला जास्त आवडली ती तिची वही. कोणता लाइट का हलवला, नट काय म्हणाला, कुठली योजना रद्द केली आणि का, सगळं तारीखवार. सर्जनशील प्रकल्पात पुरावा हाच असतो. नुसती तयार कलाकृती दाखवली, तर परीक्षकाला ती आवडली किंवा नाही आवडली, यापलीकडे काही बोलता येत नाही.

कलाकृतीसोबतच्या निवेदनाकडेही मुलं दुर्लक्ष करतात. माया लिन येल विद्यापीठात पदवीला असतानाच १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकाची स्पर्धा जिंकली. १४०० पेक्षा जास्त प्रवेशिका, सगळ्या निनावी. तिची पेस्टलमधली चित्रं अगदी साधी होती, पण जोडीला हाताने लिहिलेलं एक पान होतं. तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाला काय अनुभव येईल, ते त्यात होतं. निवेदन असं असावं. ‘मला लहानपणापासून रंगांची आवड आहे’ हे नको.

प्रश्न सुचतच नाही, असं म्हणणाऱ्यांना मी खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची गोष्ट सांगतो. १९२८ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्ड मद्रासला आले होते. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणारा हा मुलगा त्यांना जाऊन भेटला. तू वाचलंयस ते पुंजभौतिक आता जुनं झालं, असं त्यांनी सांगितलं आणि स्वतःच्या नव्या निबंधाची प्रुफं वाचायला दिली. पुढच्याच वर्षी चंद्रशेखर यांचा निबंध रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये छापून आला. सोमरफेल्ड यांच्या निबंधात वापरलेली नवी सांख्यिकी घेऊन त्यांनी ती आधीच माहीत असलेल्या कॉम्प्टन परिणामाला (इलेक्ट्रॉनवर आदळून क्ष-किरणांची ऊर्जा कमी होते त्याला) लावून पाहिली होती. ती बुद्धी सगळ्यांकडे नसते हे मान्य, पण रीत उसनी घेता येते. एका शाखेतलं साधन दुसरीकडच्या जुन्या गोष्टीला लावून बघा. भूगोलवाल्याचा नकाशा साहित्यवाल्याने घ्यावा, संख्याशास्त्रातली नमुना निवड इतिहासवाल्याने.

गाइड मिळवताना ‘सर, मला आपल्या हाताखाली काम करायची इच्छा आहे’ एवढाच मेल पाठवू नका. त्यांचा एखादा निबंध वाचा, त्यातली न कळलेली एक गोष्ट विचारा, आपला प्रश्न दोन ओळींत लिहा आणि आठवड्याला किती तास देऊ शकता ते सांगा. प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते चार ओळींत त्यांना मेल करायचं. गाइड विसरतात, आम्ही सगळेच विसरतो, आणि तो मेल तुमच्या कामी येतो.

माणसांवर अभ्यास असेल, मग ती साधी प्रश्नावली का असेना, तर नैतिकता समितीची परवानगी लागते का हे पहिल्याच आठवड्यात विचारा. मंजुरीला वेळ लागतो, आणि आधी डेटा घेऊन मागाहून परवानगी मागता येत नाही. मुलाखतींचं वेळापत्रकही नीट आखा. एका तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला नवख्याला पाच-सहा तास सहज जातात. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम तिच्या प्रतीवर करायचं. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने टाकली की फाइली आपोआप ओळीने लागतात. संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या निबंधापासून वापरा. एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. अस्तित्वातच नसलेले निबंध संदर्भसूचीत सापडले की व्हायवा तिथेच संपते.

पोस्टर सहसा ए झीरो मापाचं असतं, ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. एवढी जागा दिसली की अख्खा अहवाल त्यावर ओतायचा मोह होतो. माइक मॉरिसन यांनी २०१९ मध्ये सुचवलेली मांडणी मला पटते: मधोमध मोठ्या अक्षरांत निष्कर्षाचं एकच वाक्य, बाकीचा तपशील बाजूंना. काहीच फरक आढळला नाही, तर तेच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहा. नमुना नीट घेतलेला असेल तर परीक्षकाला त्यात काही वावगं वाटत नाही.

कामं कोणी काय केली आणि नावं कोणत्या क्रमाने येणार, हे डेटा गोळा करण्याआधी गटात आणि गाइडशी बोलून घ्या, मेलवर. आणि सादरीकरणानंतर ‘तुमचा निबंध आमच्या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये आठवड्यात छापू, फी भरा’ असे मेल येऊ लागतील. आठवड्यात निबंध नीट तपासून होत नाही. संपादक मंडळावरच्या दोन-तीन जणांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन ते या जर्नलचा उल्लेख करतात का बघा, शंका आली तर विभागाच्या ग्रंथपालांना विचारा. छापायची घाई नसेल तर मूळ डेटा, गटांच्या व्याख्या आणि वहीची स्कॅन प्रत विभागात जमा करा, म्हणजे पुढच्या बॅचमधल्या कोणाला तोच प्रश्न दुसऱ्या झाडांवर किंवा दुसऱ्या वर्षाच्या पत्रांवर घेता येईल.