जेसीबी नंतर, नळी आधी: काळ्या वावरात चर कसे काढायचे

पावसाचं पाणी अडवायला उताराला आडवे चर काढायचे तर जेसीबी की कुदळ, हा वाद टपरीवर ठीक आहे. परसबाग असेल तर कुदळ, पावडं, सब्बल बस झालं. एकरभर वावर असेल तर मोठी माती मशीननंच हलवा, अन् मेच्या नागपुरी उन्हात शंभर मीटर चर हातानं खोदा म्हणणाऱ्याला आधी दहा मीटर खोदून दाखवायला सांगा.

काम पावसाआधी उरका. ओल्या काळ्या मातीवर जेसीबी फिरला की ती अशी दबते की मुळं शिरत नाहीत.

खरी भानगड लाईनची. माझा पहिला चर ऑपरेटरनं नजरेनंच काढला, "दादा, टेन्शन नका घेऊ, एकदम सरळ येते." सरळच आली, पण पाण्याला सरळशी काय घेणं, त्याला सखल जागा पाहिजे, जुलैत सगळं एका कोपऱ्यात जमलं अन् बांध फोडून शेजाऱ्याच्या तुरीत. तेव्हापासून लाईन मीच टाकतो. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, तिची टोकं दोन काठ्यांना बांधायची, दोन्हीकडची पाण्याची पातळी बघत दर 5 मीटरला खुंटी अन् चुना. नळीत बुडबुडा राहिला तर लेव्हल खोटी येते, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी जुळतं का बघा. जेसीबी तासावर असतो, तो यायच्या आत खुंट्या मारून ठेवा.

अन् व्हिडिओतले तंतोतंत सपाट चर कॉपी करू नका! मुरमाड जमिनीत चालतात, तिथं पाणी जिरतं. आपल्याकडे वर्षाला हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि काळी माती एकदा फुगली की पाणी आत घेत नाही. साचलेल्या पाण्यात संत्र्याचं काय होतं, डिंक्या (बुंध्यातून डिंक गळणारा रोग) ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. भारी जमिनीत दर 10 मीटरला 2-3 सेंमी उतार द्याच, शेवटी जास्तीचं पाणी बाहेर जायला दगडी सांडवा.

मशीन गेलं की तळ हातानं. बकेट वरखाली सोडतेच, परत नळी फिरवा, उंचवटे कुदळीनं कापा. टँकर ओतून टेस्ट कर म्हणणारे भेटतील, पण मेमधल्या भेगा अख्खा टँकर गिळतात अन् काही कळत नाही.

चरातली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकून ठोका, तोच बांध, पाऊस पडला की त्यावर तूर टोबा.